47 बिल्ले आणि 28 तास

17 नोव्हेंबर 2024, रविवार. टोकियोत सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे साताऱ्यात आठ. फोनवर मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि काकू आवाज चढवून बोलत होत्या.

"तू मोठी आहेस ना तिच्यापेक्षा, जरा बघ गं तिच्याकडे. भाड्याला पैसे कमी पडतायत म्हणते आणि बाहुल्यांवर उधळते. टेबलावर ओळीने मांडून ठेवल्यात. व्हिडिओवर मी स्वतः पाहिल्या."

काकूंची मुलगी एप्रिल 2024 मध्ये मास्टर्ससाठी टोकियोला आली. मी इथे पाच वर्षं पीएचडीत घासतेय. साताऱ्याच्याच एका ओळखीतून तिचा नंबर माझ्याकडे आला होता. तिला तांदूळ कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं, वॉर्ड ऑफिसात 14 दिवसांच्या आत पत्ता नोंदवायला घेऊन गेले आणि तिथे माझी जबाबदारी संपली असं धरून चालले. पुढचं सगळं तिच्या परवानगीने लिहितेय. नाव गाळलंय, आकडे तिच्या वहीतले आहेत.

आधीच कबूल करते, काकूंचा फोन आला तेव्हा मी मनातून काकूंच्याच बाजूला होते. मला मांगा-ॲनिमेचं, म्हणजे जपानी कॉमिक्स आणि कार्टूनचं, वेड कधीच नव्हतं. कर्ज काढून शिकायला आलेली मुलगी कार्टूनमधल्या पोराचे बिल्ले गोळा करते, म्हटल्यावर मी माझं निदान फोन ठेवायच्या आधीच करून टाकलं होतं.

ही मुलगी जपानला आलीच त्या वेडापायी. तिच्या वयाच्या बहुतेकांसारखं तिचंही बालपण हंगामा टीव्हीवर हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉन आणि शिनचॅनसमोर गेलं. आठवीत तिला कळलं की ही माणसं मुळात हिंदी बोलत नाहीत. तिच्या शब्दांत, तेव्हा तिला "फसवल्यासारखं" वाटलं. मग मूळ आवाज ऐकायचा हट्ट, मग पुण्यात इंजिनिअरिंग करता करता जपानीचे वर्ग. जपानी शिकायला पुण्यासारखं दुसरं गाव महाराष्ट्रात नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून कित्येक पिढ्या ही भाषा शिकून बाहेर पडल्या. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेची एन-2, म्हणजे वरून दुसरी पातळी पास होऊनच ती विमानात बसली. खोली घेतली नेरिमा वॉर्डात. भाडं कमी हे कारण तिने घरी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण नेरिमातल्या ओइझुमीला तोएइ ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे. 1958 साली जपानचा पहिला रंगीत, पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तिथल्याच लोकांनी केला. ओइझुमी-गाकुएन स्टेशनबाहेर कार्टूनमधल्या पात्रांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. हे कारण घरी सांगितलेलं नव्हतं.

वहीत काय निघालं

त्याच संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. सहा तातामींची, म्हणजे सहा चटया मावतील एवढी खोली, एक खिडकी, राइस कुकर, आणि टेबलावर खरोखरच ओळीने मांडलेली मंडळी. बाहुल्या नव्हत्या त्या. हातभर उंचीच्याही नाहीत, बोटभर उंचीच्या पारदर्शक पट्ट्या, त्यावर छापलेलं पात्र, खाली टेकू. यांना 'आकुसुता' म्हणतात, म्हणजे ॲक्रिलिक स्टँडचं जपानी लघुरूप. आणि बाजूला बिस्किटांच्या डब्यात पत्र्याचे गोल बिल्ले.

"किती आहेत?"

"47 घेतले होते, ताई."

वही मात्र तिने चोख ठेवली होती. वडिलांची सवय. सप्टेंबर ते मध्य-नोव्हेंबर या काळातला खर्च आम्ही जमिनीवर बसून वेगळा काढला. वेडाचा खर्च असा निघाला: रंगमंचावरच्या प्रयोगांची दोन तिकिटं 25,000 येन, बिल्ले 23,500, दोन आकुसुता 3,300, कोलॅब कॅफेतली (मालिकेच्या नावाने सजवलेल्या कॅफेतली) सात पेयं 6,300, तीन सिनेमे 4,100, जुन्या बाजारातले मांगाचे 20 खंड 2,200. एकूण 64,400 येन. तेव्हाच्या भावाने 36,000 रुपयांच्या आसपास. काकूंना हा आकडा सांगायची माझी छाती झाली नसती.

पण पानं उलटत गेलो तसे दुसरेही आकडे यायला लागले. शिफ्ट संपल्यावर ती काम करायची त्या कोम्बिनीतच, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातच, घेतलेली ओनिगिरी (भाताचे गोळे), तळलेली कोंबडी, कॉफी: 41,000. शेवटची ट्रेन चुकल्यामुळे इकेबुकुरोहून दोनदा टॅक्सी: 7,900. आणि एक नोंद तीनदा, 16,980, 16,980, 16,980. समोर फक्त 'सरकारी' असं लिहिलेलं.

"हे काय गं?"

"पेन्शनचं. पाकीट आलं होतं, पावत्यांचा गठ्ठा. आला म्हणजे भरायचं ना?"

मी कपाळाला हात लावला. जपानात पत्ता नोंदवलेला 20 ते 59 वयाचा प्रत्येक जण राष्ट्रीय पेन्शन योजनेत येतो, परदेशी विद्यार्थीसुद्धा. 2024-25 साठी महिन्याचा हप्ता 16,980 येन. पण पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नोंदणी असलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला वॉर्ड ऑफिसात एक अर्ज देऊन हे भरणं पुढे ढकलता येतं. तिने हा अर्ज केला नव्हता, कारण तो असतो हे तिला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कारण एप्रिलमध्ये मी तिला वॉर्ड ऑफिसात नेलं तेव्हा दोन खिडक्यांवर नेलं आणि तिसरी विसरले. ती बिचारी ज्या कोम्बिनीत काम करायची तिथेच, स्वतःच्याच गल्ल्यावर, शेजारच्या मुलाकडून पावती स्कॅन करून पैसे भरत होती. 50,940 येन. ही भरलेली रक्कम तिला परत मिळाली नाही, पण पुढच्या पावत्या थांबवता येणार होत्या.

तेव्हा पहिली दुरुस्ती माझ्या निदानात झाली. तीन महिन्यांत वेडाने जेवढे खाल्ले त्याच्या जवळपास माझ्या विसरण्यानेही खाल्ले होते.

बिल्ल्यांचं गणित

आता बिल्ले. हा भाग मला जास्त वेळ कळला नाही आणि कळल्यावर थोडा रागही आला.

एखाद्या मालिकेत 14 पात्रं असली तर बिल्ल्यांचे 14 प्रकार निघतात. एक बिल्ला 500 येन. पण पाकीट बंद, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. तिला हवा फक्त एक. त्याला 'ओशी' म्हणतात. 'ओसु' म्हणजे रेटणं, पुढे ढकलणं. ज्याला आपण जीव तोडून पुढे रेटतो तो आपला ओशी. त्याच्यासाठी जे जे काही करायचं ते 'ओशिकात्सु'. हा शब्द आज जपानी वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, सुपरमार्केटच्या फळ्यांवरही दिसतो. ओशीच्या रंगाचे भांडे घासायचे स्पंज मी स्वतः पाहिलेत.

बरं, 14 प्रकार सारख्या संख्येने असले आणि तुम्ही 14 पाकिटं, म्हणजे 7,000 येनची घेतली, तर ओशी मिळेलच ना? नाही. मी कागदावर मांडून दाखवलं. 100 जणींनी प्रत्येकी 14 पाकिटं घेतली तर साधारण 35 जणी हवा तो एकही बिल्ला न मिळवता घरी जातील. ती एकदम गप्प झाली. इंजिनिअर मुलगी, हे गणित तिला येत नव्हतं असं नाही. दुकानात ते सुचत नाही एवढंच. कोलॅब कॅफेतही हेच. 900 येनचं निळं सरबत, त्यासोबत बंद पाकिटात पेल्याखाली ठेवायचा एक पुठ्ठा. सात सरबतं पिऊन पोटात गुडगुड आणि ओशीचा पुठ्ठा एक. लहानपणी आपणही गोळ्यांच्या पाकिटातल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी पॉकेटमनी घालवला आहे. फरक एवढाच, इथे गिऱ्हाईक पगारदार आहे आणि दुकानदाराला ते ठाऊक आहे.

शिवाय तिला एक बिल्ला पुरत नव्हता. 'इता-बॅग' करायची होती. पारदर्शक खिशाची पिशवी, आत एकाच पात्राचे बिल्ले ओळीने टाचलेले. 'इताइ' म्हणजे दुखणं. बघणाऱ्याचे डोळे दुखावेत अशी पिशवी. हे नाव देणाऱ्यांनी स्वतःवरच केलेला विनोद आहे तो.

47 पाकिटांतून तिला ओशी निघाला तीनदा. पण डब्यात ओशीचे 12 बिल्ले होते. बाकीचे नऊ कुठून आले?

अदलाबदलीतून. इकेबुकुरोला ॲनिमेट या ॲनिमे-वस्तूंच्या दुकानसाखळीचं मुख्य दुकान आहे आणि त्याला लागून एक बाग, नाका-इकेबुकुरो पार्क. तिथे शनिवार-रविवारी मुली चटया अंथरून, बिल्ले मांडून बसतात. फोनच्या पडद्यावर दोन अक्षरं मोठी करून धरायची, एकाचा अर्थ 'हवं', दुसऱ्याचा 'देते'. पुढे पात्राचं नाव. कुणाशी जुळलं की झुकून नमस्कार, ओरखडा नाही ना ते उलटसुलट बघणं, आपला बिल्ला आधी पुढे करणं, पुन्हा झुकणं. पैसे नाहीत. सातारच्या मंडईत वाढलेल्या मुलीला घासाघीस येत होती, ही शांत देवाणघेवाण नव्याने शिकावी लागली. पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या तोंडून कोम्बिनीतल्या गल्ल्यावरचं जपानी बाहेर पडलं, "वाट पाहायला लावल्याबद्दल क्षमस्व" वगैरे. समोरची मुलगी हसली आणि मग दोघी हसल्या. एन-2 ची पुस्तकं घोकून जे जिभेवर आलं नव्हतं ते या चटयांवर आलं. वर्गात तिच्या सुपरवायझरने ऑक्टोबरमध्ये विचारलं म्हणे, तुझं जपानी अचानक सुटलं कसं?

28 तास

आता अडचणीकडे येते. त्या रविवारी तिच्या खात्यात 80,000 येन होते. पुढचा पगार 10 डिसेंबरला. वडील महिन्याला 40,000 रुपये पाठवायचे, त्याचे सुमारे 70,000 येन होत, तेही 10 च्या आसपासच हातात पडायचे. तोवर द्यायचं होतं: भाडं 52,000, वीज-गॅस-फोन 12,000, पेन्शनची चौथी पावती 16,980, पोटापुरतं किमान 12,000. आणि डिसेंबरअखेरच्या एका प्रयोगाची दोन तिकिटं, 25,000. बेरीज 1,17,980. कमी पडत होते 37,980.

तिचा उपाय तयार होता: जास्त काम. आणि इथे मी खऱ्या अर्थाने घाबरले.

विद्यार्थी व्हिसावर जपानात काम करायला वेगळी परवानगी लागते. ती मिळाली की आठवड्याला 28 तास. विद्यापीठाच्या अधिकृत मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तासांपर्यंत. हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते असं: 28 तास सगळ्या नोकऱ्या मिळून मोजतात, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो असं कुठेही म्हटलेलं नाही. कोणत्याही वारापासून सात दिवस मोजा, 28 च्या आतच हवेत.

तिने गोदामात माल भरण्याचं एक दिवसाचं काम ॲपवर शोधून ठेवलं होतं. 8 तास, पैसे लगेच. कोम्बिनीचे तास धरून सोमवार ते रविवार 24 होत होते, पुढच्या आठवड्यात 26. बसतंय ना, ताई? मी तिच्या कॅलेंडरवर गुरुवारपासून बोट ठेवलं. गुरुवार 5, शुक्रवार 5, शनिवारी गोदाम 8, रविवार 6, सोमवार 5, मंगळवार 5, बुधवार सुट्टी. 34. तिचा चेहरा उतरला. व्हिसा वाढवायला जाल तेव्हा हे तास उघड होऊ शकतात, करपात्र पगाराची नोंद सरकारदरबारी असतेच. सहा तासांसाठी दोन वर्षं पणाला लावायची का?

ॲपवर दुसरंही एक काम तिने राखून ठेवलं होतं. अकिहाबारातला कॉन्सेप्ट कॅफे, ताशी 1,500 येन, पात्रांचे पोशाख घालून गिऱ्हाइकांशी गप्पा, परदेशी मुलींचं स्वागत. तिला वाटलं, आवडीचं आवडीचं आणि वर पैसे. अशी काही ठिकाणं कायद्याने 'करमणूक व्यवसाय' या परवान्याखाली येतात, आणि तशा जागी विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने भांडी घासायचं कामसुद्धा करायचं नाही. तास किती हा प्रश्नच येत नाही. जाहिरातीत यातलं अक्षर नव्हतं. ती ओळ मी तिच्याकडून तिथल्या तिथे पुसून घेतली.

तास वाढवता येत नसले तरी तासाचा भाव वाढवता येतो. टोकियोचं किमान वेतन 1 ऑक्टोबर 2024 पासून 1,113 वरून 1,163 येन झालं होतं, आणि रात्री 10 ते पहाटे 5 मध्ये त्यावर 25 टक्के जास्त द्यावे लागतात. दोन संध्याकाळच्या शिफ्ट रात्रीवर सरकवल्या तर तेवढ्याच तासांत जास्त पैसे. तिने तेन्चोला, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरला विचारलं. रात्रीला माणूस मिळत नाही म्हणून तोच रडत होता. पण ते पैसे येणार पुढच्या पगारात. 27 तारखेचं भाडं वाट बघत नाही.

तिकीट

माझा सल्ला सरळ होता. पेन्शनचा अर्ज कर, 16,980 सुटतील. तिकिटं सोडून दे, 25,000 सुटतील. झालं, उलट वर चार हजार उरतात.

अर्ज तिने सोमवारी सकाळीच केला, विद्यार्थी ओळखपत्र दाखवून, वीस मिनिटांत. तिकिटांना नाही म्हणाली.

समजावून घ्यायला मला वेळ लागला. हा प्रयोग म्हणजे मांगावर आधारलेलं संगीत नाटक. त्याला इथे '2.5 मिती' म्हणतात. कागदावरचं चित्र दोन मितींचं, माणूस तीन मितींचा, हे मधलं. तिकिटं रांगेत उभं राहून मिळत नाहीत. सोडतीला अर्ज करायचा, लागली तर ठरलेल्या तारखेच्या आत कोम्बिनीत पैसे भरायचे, नाही भरले तर हक्क गेला. लागलेलं तिकीट चढ्या भावाने विकायचा धंदा करणं 2019 च्या जूनपासून गुन्हा आहे. आणि एकीने दोघींसाठी अर्ज करायचा, शेजारी-शेजारी खुर्च्या. दुसरी खुर्ची एका बाईंची होती. तिने पैसे भरले नाहीत तर त्यांचीही जाणार होती.

या बाई पन्नाशीच्या, सायतामाला एका दवाखान्यात कारकून. ओळख चटईवरच झालेली, ओशी वेगवेगळे असल्यामुळे अदलाबदल सोपी. कित्येक आठवडे दोघी एकमेकींना टोपणनावाने हाक मारत होत्या. खरी नावं कळली ती तिकिटाच्या अर्जावर लिहावी लागली तेव्हा. टॅक्सी दोनदा का करावी लागली तेही आता कळलं. प्रयोग संपल्यावर या बाई आणि आणखी दोघी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसून प्रत्येक प्रवेशाचं पोस्टमॉर्टेम करायच्या, आणि हिला उठवेना.

"ताई," ती म्हणाली, "लॅबमध्ये सगळे चांगले आहेत, पण साडेसहाला दिवे बंद करून जातात. गणपतीत निशिकासाईला गेले होते, तासभर ट्रेन. सगळ्यांनी छान विचारपूस केली, कुठल्या कंपनीत आहेस, नवरा कुठे असतो. मोदक खाऊन परत आले. या बायकांनी मला आजवर एकदाही विचारलं नाही की मी जपानला का आले. त्यांना माहितीच आहे ना."

निशिकासाई म्हणजे एदोगावा वॉर्डातली भारतीयांची वस्ती, बहुतेक आयटीतली कुटुंबं. मीही पहिल्या वर्षी तिथून अशीच परतले होते. मी त्यावर काही बोलले नाही. नाही तरी बोलण्यासारखं काय होतं?

मग पर्याय उरला एक. त्या बाईंकडून त्यांचे 12,500 आधी मागायचे. रीत अशी की अर्ज करणारीने दोघींचे भरायचे आणि दुसरीने प्रयोगाच्या दिवशी सुबक पाकिटात घालून द्यायचे, सोबत एखादा खाऊ. आधी मागणं म्हणजे फार झालं. तिने दोन तास मजकूर लिहिला. मी दोनदा वाचला, एक आदरार्थी क्रियापद दुरुस्त केलं आणि नंतर कळलं की तिचंच बरोबर होतं. पाठवलं. एका मिनिटात उत्तर आलं, पैसे आणि पोट धरून हसणाऱ्या सशाचं स्टिकर.

राहिले 8,500. शनिवारी आम्ही नाकानो ब्रॉडवेला गेलो. 1966 सालची इमारत, वरच्या मजल्यांवर जुन्या मांगा-खेळण्यांच्या दुकानांचं वारूळ. ओशीचे 12 बिल्ले घरी ठेवून बाकीचे 35 विकायला काढले. काउंटरवरच्या मुलाने रेसिडेन्स कार्ड बघून नाव-पत्ता लिहून घेतला, हातमोजे घातले आणि एकेक बिल्ला दिव्याखाली धरला. दोन बिल्ल्यांचे 900 प्रमाणे, सहांचे 300 प्रमाणे, उरलेल्या 27 चे प्रत्येकी 20 येन. 4,140. घेताना 17,500 गेले होते.

27 बिल्ले, 20 येनला एक. तो आकडा पावतीवर छापून आला तेव्हा ती जरा वेळ बघत राहिली. माझ्या कागदावरच्या 35 टक्क्यांनी जे झालं नसतं ते त्या पावतीने केलं. तेव्हापासून तिने बंद पाकीट फोडलेलं नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात एक फोडलं, मला दाखवलं, ओशी नव्हता.

उरलेले 4,360. मी 5,000 ची नोट दिली आणि अट घातली की शिफ्टला घरून डबा न्यायचा. डबा म्हणजे शिन-ओकुबोच्या हलाल गल्लीतून आणलेली तूरडाळ आणि भात, रोज. भाडं 27 ला गेलं.

1 डिसेंबरला, रविवारी, एन-1 ची परीक्षा होती. महिन्याची पहिली तारीख, त्या दिवशी बऱ्याच थिएटरांत सिनेमा स्वस्तात पडतो. पेपर संपवून ती थेट तिकडे गेली. पेपर कसा गेला हे मी विचारलं तर सिनेमाबद्दल सांगत बसली.

मसाला

काकूंना काय सांगायचं हा प्रश्न शिल्लक होता. मी पेन्शनचं सांगितलं, माझी चूकही सांगितली. बिल्ल्यांचं निम्मं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं," आणि त्या 'बरं'चा अर्थ सातारकरांना सांगायला नको.

मग 14 डिसेंबर आला. त्या सायतामाच्या बाईंनी हिला त्या दिवशीच्या 'मसाला शो'चं आमंत्रण दिलं होतं. भारतीय सिनेमा लागलेला असतो आणि प्रेक्षकांनी ओरडायचं, टाळ्या-शिट्ट्या, झांजा-खुळखुळे वाजवायचे, रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, आणि संपल्यावर झाडू घेऊन ते तुकडे स्वतःच गोळा करायचे. एरवी पॉपकॉर्नचा आवाज होऊ नये म्हणून जपून चावणारी हीच माणसं. 1998 साली रजनीकांतच्या 'मुथु'ने जपानला पहिलं वेड लावलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये 'आरआरआर' आल्यापासून तर विचारू नका. जानेवारी 2024 मध्ये फक्त स्त्रियांच्या ताकाराझुका मंडळीने त्याचं संगीत नाटक रंगमंचावर आणलं, मिशा लावून, भीम मध्यभागी ठेवून.

बाईंना वाटलं, आपली भारतीय मैत्रीण, तिला सगळं पाठ असणार. हिला तेलुगूचं एक अक्षर येत नाही. गाणी बाईंना पाठ, हिला नाहीत. बाईंनी हिला फोनवर पायांच्या ठेक्याचा सराव करून घेतला. चार दिवस.

आणि शोच्या दुपारी बाई नेरिमाला आल्या त्या शिन-ओकुबोतून घेतलेली जांभळी साडी पिशवीत घालून. नेसव म्हणाल्या. हिने आयुष्यात दुसऱ्या कुणाला साडी नेसवलेली नाही. स्वतः नेसली तीही कॉलेजच्या साडी-डेला, काकूंच्या हातून. मला फोन केला. मी गेले, पण माझीही तीच कथा. निऱ्या पडेनात, पदर एकदा गुडघ्याशी आला आणि एकदा पाठीमागून फरशीवर लोळला. शेवटी तिने फोन टेबलावर आकुसुतांच्या ओळीला टेकवला आणि साताऱ्याला लावला.

काकू चष्मा लावून पडद्यात आल्या. अर्धा मिनिट काही बोलल्या नाहीत. मग सुरू झाल्या. "अगं आधी परकर घट्ट बांध. नाडी ओढ. कुणाची आहे ही, उंच आहे का? मग निऱ्या सहा घे, पाच नाही. खोच. आत खोच. अशी भिऊ नको, तिला गुदगुल्या होत असल्या तर होऊ दे." बाई दोन्ही हात वर करून उभ्या, प्रत्येक सूचनेला "हाय, हाय" म्हणत मान हलवत होत्या. पिन लागली. पदर बसला. बाईंनी फोनसमोर जाऊन कमरेतून वाकून नमस्कार केला आणि आभाराचं लांबलचक वाक्य म्हटलं. काकूंनी ते न कळता हात जोडले. टेबलावरच्या पुतळ्यांकडे त्यांनी या वेळी बघितलंसुद्धा नाही, किंवा बघून सोडून दिलं.

"छान दिसतायत म्हणावं," काकू म्हणाल्या. तिने सांगितलं. बाई लाजल्या.

"आणि विचार गं, ह्यांचे मिस्टर काय करतात?"

हे तिने भाषांतरित केलं नाही. शो साडेचारचा होता, आम्ही चपला शोधायला लागलो.